मराठी संकेतस्थळासाठी वर्डप्रेसची प्लगइन्स आणि साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनालये, शाळा, दिवाळी अंक, छोटे प्रकाशक आणि घरगुती उद्योग यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्या मंडळींकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नात आलेला आहे, तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. प्लगइन म्हणजे नेमके काय? ते न लावता संकेतस्थळ चालत नाही का?

वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवण्यासाठी २००३ सालापासून उपलब्ध असलेली मुक्त परवान्याची प्रणाली आहे आणि प्लगइन म्हणजे तिला जोडायचा, एखादे ठरावीक काम करणारा प्रोग्रॅम. प्लगइनवाचून संकेतस्थळ उत्तम चालते. पूर्वी ज्यांच्यासाठी प्लगइन लागत असे, अशी बरीच कामे आता वर्डप्रेस स्वतःच करते. शोधयंत्रांसाठीचा साइटमॅप (पानांची यादी) आणि वाचक पान खाली सरकवेल तशी चित्रे उतरवण्याची सोय २०२० च्या ५.५ आवृत्तीत आली, वेबपी या लहान आकाराच्या फाइली देणाऱ्या चित्रप्रकाराची सोय २०२१ च्या ५.८ आवृत्तीत आली आणि फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवण्याची सोय २०२४ च्या ६.५ आवृत्तीत आली. त्यामुळे ‘अत्यावश्यक प्लगइन्स’ची कोणतीही यादी वाचताना ती कोणत्या वर्षीची आहे हे आधी पाहावे.

२. माझ्या डॅशबोर्डमध्ये ‘प्लगइन्स’ हा पर्यायच दिसत नाही. असे का?

याची दोन कारणे संभवतात. आपले संकेतस्थळ वर्डप्रेस डॉट कॉम या सेवेवर असेल, तर प्लगइन लावता येणे हे आपण घेतलेल्या योजनेवर अवलंबून असते. स्वतःच्या होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरील जागेत) वर्डप्रेस डॉट ऑर्गवरील मोफत प्रणाली बसवलेली असेल, तर आपल्या खात्याला प्रशासकाऐवजी ‘संपादक’ किंवा ‘लेखक’ ही भूमिका दिलेली असण्याची शक्यता अधिक आहे. प्रशासकाचे खाते कोणाकडे आहे हेच ठाऊक नसेल, तर प्रश्न १८ पाहावा.

३. नव्या संकेतस्थळाला सुरुवातीला कोणती प्लगइन्स पुरेशी आहेत? किती झाली म्हणजे जास्त समजावी?

बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस, संपर्काच्या फॉर्मसाठी कॉन्टॅक्ट फॉर्म ७, लॉगिनवरील हल्ले आणि बदललेल्या फाइली यांवर लक्ष ठेवण्यासाठी वर्डफेन्स, आणि होस्टिंगकडे स्वतःची सोय नसेल तर एखादे कॅश प्लगइन (तयार पानांची प्रत ठेवून संकेतस्थळ जलद उघडणारे), एवढ्यावर बहुतेक संस्थांचे काम भागते. लेखांखाली प्रतिक्रिया खुल्या ठेवणार असाल तर नको त्या प्रतिक्रिया गाळणारे अकिस्मेट उपयोगी पडते. मात्र व्यावसायिक संकेतस्थळांना त्यासाठी शुल्क भरावे लागते. आकड्याची मर्यादा सांगण्यात अर्थ नाही, कारण नीट लिहिलेली वीस प्लगइन्स सुखाने नांदतात आणि एकच बेफिकीर प्लगइन प्रत्येक पानावर डेटाबेसला शेकडो प्रश्न विचारत बसते. कोणते प्लगइन किती भार टाकते हे क्वेरी मॉनिटर या मोफत साधनाने पाहता येते. प्रत्येक प्लगइनसमोर ‘हे कशासाठी आहे आणि याकडे कोण पाहते’ असे दोन रकाने भरून पाहावेत; ज्याच्यापुढे दोन्ही रकाने कोरे राहतात, ते काढून टाकावे.

४. एखादे प्लगइन भरवशाचे आहे हे कसे ओळखावे?

वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन निर्देशिकेतील पानावर शेवटचे अपडेट कधी झाले, किती संकेतस्थळांवर ते चालू आहे आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे, या तीन गोष्टी दिलेल्या असतात. त्यांच्याखालचा मदतीचा विभाग आम्ही अधिक मोलाचा मानतो, कारण लोकांच्या तक्रारींना लेखक उत्तरे देतो की नाही, हे तेथे उघड दिसते. पंचतारांकित अभिप्रायांपेक्षा एक-दोन तारे देणाऱ्यांचे म्हणणे आधी वाचावे.

लोकप्रियता ही मात्र कायमची हमी नव्हे. डिस्प्ले विजेट्स हे सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरचे प्लगइन विकले गेले, नव्या मालकाने त्यातून लोकांच्या संकेतस्थळांवर गुपचूप जाहिरातबाज मजकूर घातला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ते निर्देशिकेतून कायमचे काढले गेले. म्हणून प्लगइनचा लेखक किंवा मालक बदलल्याचे कळल्यास पुढचे अपडेट घेण्यापूर्वी बदलांची नोंद वाचावी.

५. महागडे प्लगइन एका संकेतस्थळावर शंभर-दोनशे रुपयांत मिळते आहे. घ्यावे का?

घेऊ नये. वर्डप्रेसच्या परवान्यामुळे कोड दुसऱ्यास देणे बेकायदा ठरत नाही, हा युक्तिवाद बहुतेकदा खरा असतो. पण आपल्या हाती येणाऱ्या फाइलींत मधल्या माणसाने काय मिसळले आहे, हे आपल्याला कळत नाही. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा कुप्रसिद्ध घातक कोड अशाच फुकट थीम आणि प्लगइन्समधून पसरला. तो एकदा शिरला की त्याच होस्टिंग खात्यावरील शेजारच्या संकेतस्थळांतही जाऊन बसतो. शिवाय अशा प्रतींना मूळ लेखकाकडून अपडेट मिळत नाहीत. पैसे नसतील तर मोफत पर्यायावर काम भागवावे.

६. होस्टिंग कंपनी बॅकअप घेते असे म्हणते. तरी स्वतंत्र प्लगइन लागते का?

लागते. होस्टिंगचे खाते बंद पडले, शुल्क भरायचे राहिले किंवा सर्व्हरच बिघडला, तर त्याच कंपनीकडचा बॅकअपही हाती लागेलच असे नाही. अपड्राफ्टप्लसची मोफत आवृत्ती गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर ठरलेल्या वेळी प्रत पाठवते. डेटाबेस आणि अपलोड केलेल्या फाइली या दोन्ही गोष्टी त्यात येतात की नाही, हे स्वतः पाहावे. लेख डेटाबेसमध्ये असतात आणि छायाचित्रे फाइलींत असतात, त्यामुळे एकच भाग परत मिळाला तर संकेतस्थळ अर्धेच उभे राहते. ही प्रत संस्थेच्या ईमेल खात्यावर जावी, स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यावर नव्हे.

जो बॅकअप कधी उतरवून पाहिलेला नाही, त्याच्यावर विसंबू नये, हे आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. लोकल या मोफत साधनाने स्वतःच्या संगणकावर रिकामे वर्डप्रेस काही मिनिटांत उभे करता येते. त्यात अपड्राफ्टप्लस बसवून जुनी प्रत पुनर्स्थापित करून पाहावी. मूळ पत्ता बदलत असल्यामुळे काही दुवे चालणार नाहीत, परंतु लेख, चित्रे आणि मेनू जागेवर आले का एवढे समजते. दिवाळी अंकाच्या संकेतस्थळासारखी ज्याची वाचकसंख्या ठरावीक काळात वाढते, त्याने ही तालीम त्या काळाच्या आधी करावी.

७. प्लगइन्सची अपडेट आपोआप होऊ द्यावीत का?

२०२० च्या ५.५ आवृत्तीपासून प्रत्येक प्लगइनसाठी ही सोय स्वतंत्रपणे चालू करता येते, आणि २०२४ च्या ६.६ आवृत्तीपासून आपोआप झालेल्या अपडेटमुळे संकेतस्थळ कोसळल्यास वर्डप्रेस ते प्लगइन पूर्वीच्या आवृत्तीवर नेते. ज्यांच्याकडे रोज लक्ष घालणारे कोणी नाही, त्यांनी सुरक्षा, फॉर्म आणि कॅश यांची अपडेट आपोआप होऊ द्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रियली सिंपल सिक्युरिटी या चाळीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवरील प्लगइनमध्ये अशी त्रुटी सापडली की, द्विस्तरीय पडताळणी चालू असलेल्या ठिकाणी पासवर्डशिवाय प्रशासक म्हणून आत शिरता येत होते. अशा वेळी आठवड्याचा उशीरही महागात पडतो.

वूकॉमर्स या ऑनलाइन विक्रीच्या प्लगइनवरचे दुकान आणि पान रचण्याची मोठी प्लगइन्स यांना मात्र अपवाद करावा. त्यांची मोठी अपडेट आधी संकेतस्थळाच्या स्टेजिंग (चाचणीसाठीच्या वेगळ्या) प्रतीवर तपासून मग हाताने करावीत.

८. अपडेटनंतर संकेतस्थळ पांढरे दिसते आणि लॉगिनही होत नाही. काय करावे?

प्रथम प्रशासकाच्या ईमेलची पेटी पाहावी. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून अशा वेळी वर्डप्रेस एक दुवा पाठवते. त्यावरून आत गेल्यास दोषी प्लगइन तात्पुरते थांबवलेले असते आणि ते निष्क्रिय करता येते. ईमेल आलेला नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरातील ‘प्लगइन्स’ फोल्डर उघडावे आणि संशयित प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलावे. वर्डप्रेसला फोल्डर सापडत नाही, म्हणून ते प्लगइन चालत नाही. त्यातील माहिती मात्र डेटाबेसमध्ये सुरक्षित राहते.

दोषी कोण हे ठाऊक नसेल आणि डॅशबोर्ड उघडत असेल, तर हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे प्लगइन वापरावे. त्यातील तपासणीच्या अवस्थेत सर्व प्लगइन्स फक्त आपल्यापुरती बंद होतात आणि वाचकांना संकेतस्थळ नेहमीसारखे दिसत राहते. मग एकेक प्लगइन सुरू करत जावे.

९. संपर्काच्या फॉर्ममधून लोक लिहितात, पण आमच्यापर्यंत ईमेल पोहोचत नाही.

बहुतेक वेळा फॉर्म निर्दोष असतो आणि पत्र वाटेत अडते. वर्डप्रेस नेहमी होस्टिंगच्या सर्व्हरमधून थेट पत्र पाठवते आणि त्या सर्व्हरला आपल्या डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याच्या, नावाने लिहिण्याचा अधिकार आहे याचा पुरावा नसतो. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम कडक केले, तेव्हापासून ही तक्रार फार वाढली. डब्ल्यूपी मेल एसएमटीपी यासारख्या प्लगइनने खऱ्या ईमेल खात्यातून पत्रे पाठवावीत, डोमेनच्या डीएनएस नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम (पत्र पाठवण्याचा अधिकार सिद्ध करणाऱ्या नोंदी) भरावे, आणि फॉर्ममधील ‘प्रेषक’ या जागी भेट देणाऱ्याचा पत्ता न घालता आपल्या डोमेनचा पत्ता घालावा. भेट देणाऱ्याचा पत्ता ‘उत्तरासाठी’ या रकान्यात जातो.

कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आलेला मजकूर स्वतःजवळ साठवत नाही, त्यामुळे हरवलेले पत्र कायमचे हरवते. त्याच लेखकाचे फ्लेमिंगो हे प्लगइन लावल्यास प्रत्येक निरोप डेटाबेसमध्ये राहतो. मग लोकांचे मोबाइल क्रमांकही आपल्याकडे साठतात, म्हणून गरजेपुरतीच माहिती विचारावी आणि जुन्या नोंदी वेळोवेळी पुसाव्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा रोखही हाच आहे.

१०. संकेतस्थळ फार हळू उघडते. दोन कॅश प्लगइन्स लावल्याने वेग वाढेल का?

नाही, उलट बिघाड होईल. पानाची कॅश करणारी प्लगइन्स ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये एकाच ठरलेल्या नावाची फाइल ठेवतात, त्यामुळे दोन प्लगइन्स एकमेकांची फाइल पुसत राहतात. कोणते घ्यावे हे सर्व्हरवरून ठरते: होस्टिंग लाइटस्पीड या प्रकारच्या सर्व्हरवर असेल तर लाइटस्पीड कॅश, अन्यथा डब्ल्यूपी सुपर कॅशसारखे साधे प्लगइन. लाइटस्पीड कॅशमधील पानांची कॅश सहसा त्या सर्व्हरवाचून चालत नाही.

त्याआधी चित्रे पाहावीत. मोबाइलवर काढलेले चार-पाच एमबीचे छायाचित्र जसेच्या तसे मुखपृष्ठावर टाकणे, हे कार्यक्रमांचे वृत्तान्त देणाऱ्या संस्थांच्या संथपणाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. स्क्वूश या मोफत साधनात ब्राउझरमध्येच चित्र लहान करता येते. मोजमापासाठी गूगलचे पेजस्पीड इनसाइट्स वापरावे आणि शंभरपैकी गुणांच्या मागे न लागता मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसतो का, हे पाहावे.

११. मराठी शीर्षक दिल्यावर लेखाचा पत्ता अर्धवट तुटतो किंवा टक्क्यांच्या खुणांनी भरतो. उपाय काय?

हा प्रश्न देवनागरीत लिहिणाऱ्या सर्वांना येतो. लेखाच्या पत्त्यातील शेवटच्या भागाला, म्हणजे स्लगला, वर्डप्रेसमध्ये २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि हलन्त युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटचा असतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत लिहिला जातो, म्हणजे एका काना-मात्रेलाही नऊ चिन्हे खर्च होतात.

‘कोल्हापूर जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास’ हे शीर्षक घ्या. ‘कोल्हापूर’मध्ये ९ घटक आहेत, म्हणून ८१ चिन्हे, जोडरेघेचे १, ‘जिल्ह्यातील’मध्ये ११ घटक, म्हणून ९९, पुन्हा जोडरेघ १. येथवर १८२ झाली. उरलेल्या १८ चिन्हांत ‘सा’ एवढेच मावते आणि पत्ता ‘कोल्हापूर-जिल्ह्यातील-सा’ येथे तुटतो. उद्या कोणी ‘कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखाने’ असा लेख लिहिला, तर त्याचाही पत्ता तोच होऊ लागतो आणि वर्डप्रेस त्याच्या शेवटी दोनचा आकडा लावते.

यासाठी प्लगइनची गरज नाही. प्रसिद्ध करण्यापूर्वी स्लगच्या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन शब्द हाताने लिहावेत. तसा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला तरी सुटसुटीत दिसतो. जुन्या लेखांचे स्लग बदलल्यास वर्डप्रेस वाचकांना नव्या पत्त्यावर आपोआप नेते. मात्र ही सोय लेखांपुरती आहे, ‘पाने’ या प्रकाराला ती लागू नाही. पानांसाठी रिडायरेक्शन हे प्लगइन लावून जुना पत्ता नव्याकडे वळवावा.

१२. संकेतस्थळावर शब्द दिसतो, पण शोध घेतल्यावर सापडत नाही.

वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षराला अक्षर जुळवतो, आणि मराठीत दिसायला सारखा असलेला शब्द आतून दोन प्रकारे लिहिलेला असू शकतो. ‘ॲप’मधील पहिले अक्षर काही कळफलक एकच चिन्ह म्हणून लिहितात, तर काही ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांत लिहितात, एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या लेखांत दुसरी पद्धत हमखास सापडते. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्य’ही दोन प्रकारांनी लिहिला जातो.

सर्व लेखकांसाठी एक पद्धत ठरवावी आणि जुना मजकूर बेटर सर्च रिप्लेस या प्लगइनने बदलावा. त्यात बदल न करता केवळ मोजणी करून पाहण्याची सोय आहे. ती आधी वापरावी आणि खरा बदल करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा. शोधासाठी रेलेव्हन्सी हे प्लगइन लावणार असाल, तर शब्दाचा भाग जुळवण्याची सोय चालू ठेवावी. अन्यथा ‘वाचनालय’ शोधणाऱ्याला ‘वाचनालयात’ असलेला लेख मिळणार नाही.

१३. योस्ट एसईओ मराठी लेखांना सतत लाल दिवा दाखवते. लेखन सुधारावे का?

त्या दिव्यासाठी नव्हे. शोधयंत्रांच्या दृष्टीने लेख तपासणाऱ्या योस्ट या प्लगइनची वाचनसुलभतेची तपासणी ठरावीक भाषांसाठीच पूर्ण चालते आणि त्यांत मराठी नाही. ते ठरवलेला शब्द जसाच्या तसा शोधते, त्यामुळे ‘कोल्हापूर’ हा मुख्य शब्द दिला आणि लेखात ‘कोल्हापुरात’ असा शब्द आला, तर तो त्याला दिसतच नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. दिवा हिरवा करण्यासाठी वाक्यात मूळ रूप ठोकून बसवलेले लेख आम्ही पाहिले आहेत; ते वाचवत नाहीत. शीर्षक, दोन वाक्यांचे वर्णन आणि साइटमॅप एवढ्यासाठीच असे प्लगइन वापरावे. लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत येतात हे गूगल सर्च कन्सोलमध्ये मोफत दिसते.

१४. श आणि ल हिंदी वळणाचे दिसतात. जुना श्रीलिपीतील मजकूर तर वाचताच येत नाही.

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीसाठी सेटिंग्जमधील ‘सर्वसाधारण’ विभागात संकेतस्थळाची भाषा मराठी करावी. त्यामुळे पानाच्या कोडमध्ये मराठीची खूण जाते आणि ज्या फॉन्टात मराठी वळणे दिलेली आहेत, तो ती दाखवतो. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर खास मराठीसाठीच वेगळा केलेला आहे. तो प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या सोयीने आपल्या सर्व्हरवर ठेवता येतो.

दुसरीवर प्लगइनचा उपाय नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि रफार, पहिली वेलांटी व जोडाक्षरे यांवर नजर ठेवून कोणीतरी तो पूर्ण वाचावा. दिवाळी अंकांचे जुने साहित्य वाचवायचे असेल तर या कष्टाला पर्याय नाही, आणि ते कष्ट घेण्यासारखे आहेत.

१५. वूकॉमर्सच्या पीडीएफ पावतीत मराठी अक्षरे विस्कटतात.

पावत्या बनवणारी बरीच प्लगइन्स डॉमपीडीएफ ही लायब्ररी वापरतात आणि ती देवनागरीची जुळणी करत नाही. साठवताना ‘कि’मधील वेलांटी ‘क’च्या नंतर असते, दाखवताना ती अलीकडे आणावी लागते. ते होत नाही, म्हणून ‘किंमत’मधील वेलांटी उजवीकडे पडते आणि ‘पत्ता’मधील ‘त्ता’ सुटा होतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. एमपीडीएफ ही लायब्ररी वापरणारे प्लगइन घ्यावे, किंवा पावतीचे पान ब्राउझरच्या छपाईतून पीडीएफ म्हणून जतन करावे.

१६. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत संकेतस्थळ ठेवायचे आहे. प्लगइनची बटणेही मराठीत दिसतील का?

पॉलिलँगच्या मोफत आवृत्तीत प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र लेख तयार होतो आणि दोन्ही एकमेकांशी जोडले जातात. नियमित दोन्ही भाषांत लिहिणाऱ्यांसाठी ते योग्य आहे. ट्रान्सलेटप्रेसमध्ये पान समोर ठेवून अनुवाद लिहिता येतो आणि मोफत आवृत्तीत एक जादा भाषा मिळते. यंत्राने केलेला अनुवाद न वाचता प्रसिद्ध करू नये. प्रवेशाच्या तारखा किंवा सभेच्या सूचना असतील तर मुळीच नाही. बटणांवरील शब्द लोको ट्रान्सलेट या प्लगइनने बदलता येतात. अनुवादाची फाइल त्याच्या ‘कस्टम’ या जागी जतन करावी, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये ती पुसली जाऊ शकते.

१७. निर्देशिकेतून बंद झालेले किंवा आपण निष्क्रिय केलेले प्लगइन तसेच राहू दिले तर चालेल का?

चालणार नाही. एखादे प्लगइन निर्देशिकेतून बंद झाले तरी ते आपल्या संकेतस्थळावर चालूच राहते आणि वर्डप्रेस त्याची सूचना देत नाही. अपडेट नाही म्हणजे सारे ठीक आहे, असा समज होतो. वर्डफेन्सची तपासणी मात्र अशी प्लगइन्स दाखवते. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर असतातच आणि त्यांतील त्रुटींचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो, म्हणून ती पूर्ण हटवावीत.

हटवण्यापूर्वी त्या प्लगइनचे शॉर्टकोड कोठे वापरले आहेत ते शोधावे. प्लगइन गेल्यावर चौकोनी कंसातील हे शब्द लेखांत उघडे पडतात. पान रचणारे प्लगइन काढले तर मांडणीच मोडते, त्यामुळे ती पाने वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक संपादकात आधी नव्याने रचून घ्यावीत.

१८. ज्याने संकेतस्थळ बनवले तो आता संपर्कात नाही. आम्ही कोठून सुरुवात करावी?

डोमेनपासून करावी. होस्टिंग दुसरीकडे नव्याने उभारता येते, पण डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याने घेतले तर संस्थेचे नावच जाते. डोमेन कोणत्या कंपनीत नोंदवले आहे आणि मुदत कधी संपते हे हूइज या डोमेन-नोंदींच्या शोधात दिसते. नोंदणी त्या व्यक्तीच्या नावावर असेल तर संस्थेचे लेटरहेड, ठराव आणि भरलेल्या पैशांच्या पावत्या घेऊन नोंदणी कंपनीशी पत्रव्यवहार करावा.

होस्टिंगचे खाते हाती असेल आणि केवळ वर्डप्रेसचा पासवर्ड नसेल, तर होस्टिंगमधील पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेसचे साधन उघडून वापरकर्त्यांच्या तक्त्यात प्रशासकाच्या ईमेलच्या जागी संस्थेचा ईमेल भरावा आणि लॉगिनच्या पानावरून नवा पासवर्ड मागवावा. आत गेल्यावर अनोळखी प्रशासक खाती काढावीत. खाते हटवताना त्याचे लेख दुसऱ्या खात्याकडे सोपवण्याचा पर्याय वर्डप्रेस देते. त्याऐवजी मजकूर हटवण्याचा पर्याय निवडल्यास लेखही पुसले जातात. सशुल्क प्लगइन्सचे परवाने जुन्या व्यक्तीच्या नावावर असतील तर ती चालू राहतील, परंतु त्यांची अपडेट थांबू शकतात. अशांसाठी संस्थेच्या नावाने परवाना घ्यावा किंवा प्रश्न १७ मधील काळजी घेऊन ती बदलावीत.